पासोडीपासून पडद्यापर्यंत

आजचे युग हे दृश्यमाध्यमांचे युग आहे, असे म्हणण्याची आता रीतच पडून गेली आहे. स्नेहसंमेलनाच्या उद्घाटनापासून वादविवाद स्पर्धेच्या समारोपापर्यंत हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकतो, की त्याचा नेमका अर्थ काय, हे विचारायचेच राहून जाते. जणू काही शब्द आणि चित्र यांची पहिली गाठ संगणकाच्या पडद्यावरच पडली! म्हणून प्रस्तुत लेखाचा आरंभ संगणकापासून न करता आपल्याच जिल्ह्यातल्या एका कापडापासून करीत आहे.

अंबाजोगाईच्या दासोपंतांची (१५५१–१६१५) पासोडी आपल्याला परीक्षेपुरती ठाऊक असते. 'गीतार्णव' हा अवाढव्य ग्रंथ रचणारे, रोज ढब्बू पैशाची शाई संपविणारे दासोपंत, ही आख्यायिका उत्तरपत्रिकेत लिहिली की आपण पुढच्या कवीकडे वळतो. पासोडी म्हणजे पांघरण्याचे जाडेभरडे कापड. दासोपंतांच्या पासोडीचे माप २४ हात लांब व अडीच हात रुंद असे सांगतात. हात दीड फुटाचा धरला तर लांबी ३६ फूट होते. आपल्या एखाद्या वर्गखोलीत ती सरळ पसरताही येणार नाही. या कापडावर दासोपंतांनी 'पंचीकरण' हा वेदान्तातला विषय ओव्या आणि आकृत्या यांच्या साहाय्याने मांडला.

आता प्रश्न असा, की पोथीची चांगली रूढ वाट सोडून कापड कशासाठी? याचे उत्तर विषयातच आहे, असे मला वाटते. आकाश, वायू, तेज, आप आणि पृथ्वी ही पाच सूक्ष्म भूते. प्रत्येकाचे दोन सारखे भाग करायचे. एक भाग तसाच ठेवायचा, दुसऱ्याचे चार भाग करून ते उरलेल्या चौघांना वाटून द्यायचे. म्हणजे आपल्या पायांखालची जी स्थूल पृथ्वी, तिच्यात आठ आणे पृथ्वी आणि बाकीच्या चौघांचे दोन-दोन आणे. एका भूताचा हिशेब असा तोंडी सांगता येतो. पाचांचा सांगू लागलो, की ऐकणाऱ्याच्या डोक्यात खिचडी होते. पण उभी पाच आणि आडवी पाच घरे आखली, तर २५ घरांचे कोष्टक तयार होते आणि जे सांगायला पाव तास लागतो ते एका दृष्टिक्षेपात कळते. पोथीचे पान आडवे, अरुंद आणि एका वेळी एकच दिसणारे. विषय पसरट होता. त्याला पसरट जागा हवी होती. दासोपंतांनी आधी विषयाचा आकार पाहिला आणि मग साधन निवडले. हल्ली 'मल्टिमीडिया डिझाइन' या नावाने जे शिकविले जाते, त्याची पहिली पायरी हीच आहे आणि बहुतेक ठिकाणी नेमकी हीच गाळली जाते.

पडद्याचा विचार करताना प्रथम त्याचे द्रव्य कोणते ते पाहू. मोबाइलच्या पडद्यावर पाण्याचा बारीक थेंब पडला, तर तो भिंगासारखे काम करतो आणि त्याखाली तांबडे, हिरवे व निळे ठिपके दिसतात. पडद्यावरचे सगळे विश्व या तिघांचे. प्रत्येक रंगाच्या उजेडाच्या साधारणपणे २५६ पायऱ्या असतात. २५६ चा तीनदा गुणाकार केला की १,६७,७७,२१६ ही संख्या येते. एवढ्या छटा एक ठिपका दाखवू शकतो. छांदोग्य उपनिषदात पाचांऐवजी तीनच भूतांच्या मिश्रणाची कल्पना आहे, तिला त्रिवृत्करण म्हणतात. तिथेही त्या तिघांना रंग दिलेले आहेत, ही गंमत तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावी. (यावरून उपनिषदांत संगणक होता, असा निष्कर्ष मात्र कृपया कोणी काढू नये.) पडद्यावर उजेडात उजेड मिसळतो, म्हणून तिन्ही रंग पूर्ण पेटले की पांढरा होतो, कागदावर किंवा फ्लेक्सवर शाई उजेड गिळते, म्हणून रंगात रंग मिसळत गेले की काळपट होत जाते. पडद्यावर झगझगणारा भगवा किंवा हिरवा रंग फलकावर उतरल्यावर मळका का दिसतो, याचे कारण एवढेच आहे. त्याबद्दल छपाईवाल्याशी भांडण्यात अर्थ नाही.

चित्राची गोष्ट तुलनेने सोपी आहे. खरी कसोटी लागते ती अक्षराच्या ठिकाणी, आणि मराठी विद्यार्थ्याच्या दृष्टीने तर सगळा विषय येथे येऊन थांबतो.

संगणकात अक्षर दोन तऱ्हांनी साठविता येते. पहिली तऱ्हा ठिपक्यांच्या रांगोळीसारखी: कोणत्या ओळीतला कितवा ठिपका भरायचा, एवढे लिहून ठेवायचे. ही रांगोळी लहान पडद्यावर ठीक दिसते. ताणून मोठी केली की कडा पायऱ्यापायऱ्यांच्या होतात. दुसऱ्या तऱ्हेत ठिपके साठवायचेच नाहीत. इथून रेघ निघाली, इतकी वळली, तिथे टेकली, अशी बाह्यरेषेची कृतीच नोंदवून ठेवायची. मग तेच अक्षर मोबाइलवर मुगाएवढे काढा नाहीतर चौकातल्या फलकावर पुरुषभर उंचीचे काढा, वळण कायम राहते. आजचे जवळपास सगळे फॉन्ट या दुसऱ्या तऱ्हेचे आहेत.

परंतु देवनागरी अक्षर हे रोमन अक्षरासारखे एका ओळीत शहाण्यासारखे बसणारे अक्षर नव्हे. 'मूर्तींचे' हा साधा शब्द घ्या. खाली दीर्घ ऊकार लोंबतो आहे. शिरोरेषेच्या वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार यांची दाटी झाली आहे. घर तीनमजली आहे. संगणकाच्या प्रणाल्या ज्या देशांत घडल्या तिथल्या लिपीला इतके मजले लागत नाहीत, म्हणून दोन ओळींतले अंतर ठरविताना वरच्या मजल्याचा विचार झालेला नसतो. परिणामी दूरचित्रवाणीच्या तळाशी धावणाऱ्या पट्टीत किंवा मोबाइलच्या बटणांवर आपल्या वेलांट्यांचे शेंडे छाटलेले दिसतात. या छाटणीने काय होते, ते लेखाच्या शेवटी सांगणार आहे.

यंत्र आणि लिपी यांचा हा झगडा जुना आहे. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत पंचांग छापले ते शिळाछापावर. तेथे हाताचे अक्षर जसेच्या तसे उतरत असे, म्हणून झगडाच नव्हता. शिशाचे खिळे आले आणि तो सुरू झाला. जोडाक्षरे, काने, मात्रा, रफार धरून जुळाऱ्याला शेकडो खिळ्यांची घरे सांभाळावी लागत. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने (स्थापना १८६९) हा पसारा स्वीकारला आणि त्यातून इतके देखणे अक्षर घडविले, की संस्कृतच्या अभ्यासकाला आजही तिथली प्रत हाती आली की बरे वाटते. टंकलेखनयंत्राने मात्र अडवणूक केली. त्यावर शंभरसुद्धा चिन्हे मावत नाहीत. मग लिपीच कापून यंत्रात बसवावी, असे विचार सुरू झाले. सावरकरांनी पुरस्कारिलेली अ-ची बाराखडी 'किर्लोस्कर' मासिकातून महाराष्ट्राच्या घरोघर गेली. १९५३ च्या लखनौ परिषदेने तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडून उजवीकडे आणून ठेवली होती. हे सारे प्रयत्न भाषेच्या कळकळीने झाले, यात संशय नाही. पण पुढे यंत्रच बदलले आणि त्या तडजोडींचे कारण उरले नाही. यंत्र लिपीला वाकवते आहे असे वाटले तर थोडे थांबावे, असा धडा मी त्यातून घेते. अर्थात त्या पिढीला थांबण्याची सोय नव्हती, हेही खरे.

यंत्राला लिपीपुढे वाकायला लावण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत प्रा. र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. मराठीच्या विद्यार्थ्यांना ते दृक्-कवितेमुळे ठाऊक असतात. अनियतकालिकांच्या काळात शब्दांच्या मांडणीतूनच कवितेचा आशय उभा करणाऱ्या थोड्या कवींपैकी ते एक. जाहिरातीच्या क्षेत्रात कलादिग्दर्शक म्हणून अनेक वर्षे काम केल्यानंतर १९८३ मध्ये ते पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात प्राध्यापक झाले आणि १९९६ पर्यंत तिथे राहिले. सुलेखनकार, कवी आणि शिक्षक असलेला हा मनुष्य संगणकशास्त्रज्ञांच्या शेजारी जाऊन बसला. मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रातील संशोधकांबरोबर काम करून भारतीय लिप्यांचे अक्षरांकन करणारी 'विन्यास' ही प्रणाली त्यांनी सिद्ध केली. पुढे 'विंडोज २०००' या प्रणालीबरोबर जगभरच्या संगणकांवर देवनागरीचा 'मंगल' हा फॉन्ट पोहोचला, तोही त्यांच्याच हातचा. 'मंगल' सुंदर आहे का, यावर मतभेद होऊ शकतील. मला तो छापील पानावर कोरडा वाटतो. पण तो जाड ठिपक्यांच्या पडद्यासाठी घडविलेला आहे, हे विसरून त्याची परीक्षा करणे योग्य नव्हे. शेताच्या बांधावर घालायच्या वहाणांना पायघड्यांवर चालवून नावे ठेवण्यासारखे ते होईल.

अक्षराची रेघ पडद्यावर आली, तरी अक्षराची ओळख हा प्रश्न वेगळाच राहतो. संगणकाला चित्र कळत नाही, क्रमांक कळतो. भारतीय लिप्यांच्या क्रमांकांचा राष्ट्रीय मानक १९९१ मध्ये ठरला. त्याच वर्षी 'युनिकोड' या जागतिक कोशाची पहिली आवृत्ती निघाली आणि तीत देवनागरीला १२८ घरांचा एक मोहल्ला मिळाला. पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने (स्थापना १९८८) आपल्या 'जिस्ट' तंत्राने भारतीय भाषा संगणकावर चालविण्याचे मोठे काम त्याच सुमारास केले. पण बाजार थांबला नाही. छपाईसाठी निघालेल्या बहुतेक फॉन्टांनी सोपी युक्ती काढली: रोमन अक्षरांच्याच घरांत देवनागरीचे तुकडे नेऊन बसविले. एकाने एका इंग्रजी कळीखाली 'क' ठेवला, तर दुसऱ्याने त्याच कळीखाली काना ठेवला. छापून हाती कागद येईपर्यंत सगळे मराठीच दिसे. प्रत्यक्षात संगणकाच्या पोटात मराठी नव्हतीच.

याचा फटका काय असतो, ते मी अनुभवले आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका वार्षिकांकाच्या संपादनात मी होते. अंक जिथे जुळविला ते दुकान आता नाही, तो फॉन्टही कुठे मिळत नाही. छापील प्रतींपैकी दोन कपाटात आहेत, त्यांतल्या एकीला वाळवी लागलेली. फाईल मात्र जशीच्या तशी आहे आणि उघडली की पानेच्या पाने रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. त्यात विद्यार्थ्यांनी आपापल्या गावांच्या म्हणी, जात्यावरच्या ओव्या, यात्रांच्या नोंदी जमा करून दिल्या होत्या. ज्यांच्या तोंडून त्या घेतल्या, त्यांतली काही माणसे आता राहिलेली नाहीत. फॉन्ट हा केवळ शोभेचा विषय आहे, असे म्हणणाऱ्यांना मी ती फाईल दाखविते.

युनिकोडात अक्षरांचे तुकडे साठवीत नाहीत, वर्णांचा क्रम साठवितात. 'क्ष' हे एक चिन्ह नसून क, हलन्त आणि ष असे तीन क्रमांक ओळीने ठेवलेले असतात. 'कि' लिहिताना वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, पण संगणकात ती 'क' नंतर असते. उच्चाराचाही क्रम तोच आहे. साठवायचे व्याकरणाप्रमाणे आणि काढायचे सुलेखनाप्रमाणे, अशी ही वाटणी आहे. काढण्याचे नियम फॉन्टच्या पोटात लिहिलेले असतात आणि तिथे मराठी माणसाने लक्ष घातले नाही तर हाल होतात. 'र' चेच पाहा. आचार्यास बोलावले तर व्याख्यान होईल, आचाऱ्यास बोलावले तर जेवण! दर्या समुद्राचा आणि दऱ्या बालाघाटच्या डोंगरातल्या. हा भेद मराठी लिपी डोळ्यांना दाखविते. हिंदीला त्याची गरज पडत नाही. तीच गोष्ट 'ॲ' ची. वकिलांच्या पाटीवरच्या 'ॲड.' मधल्या या अक्षराला युनिकोडात स्वतंत्र घर २००८ साली मिळाले. तोपर्यंत ते 'अ' ला चंद्र जोडून कसेबसे चालविले जात होते. जुन्या यंत्रांवर चंद्र सुटून शेजारी ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेला दिसे, तो यामुळेच.

'ल' आणि 'श' यांविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. शाळेत आपण पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' गिरविला. राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयानेही मराठीसाठी हीच रूपे प्रमाण धरली आहेत. आणि तरीही आपल्या गावातले फलक पाहिले, तर बहुतेक ठिकाणी दंडाचा 'ल' आणि शेंडीचा 'श' दिसतो, कारण फॉन्टमध्ये आधी समोर येते ते हिंदीचे रूप. पुष्कळ नव्या फॉन्टांत दोन्ही रूपे आहेत. मजकुराची भाषा 'मराठी' म्हणून निवडली की अक्षर आपोआप पालटते. ही एक कळ कुठे असते, हे सहा महिन्यांचा शुल्क भरलेला अभ्यासक्रम पुरा करूनही ठाऊक नसलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत. राज्य मराठी विकास संस्थेने 'यशोमुद्रा' आणि 'यशोवेणू' हे फॉन्ट मोफत उपलब्ध करून दिले आहेत. मुंबईच्या 'एक टाईप' या अक्षरकारांच्या संस्थेचा 'मुक्त' हा फॉन्टही तसाच खुला आहे. चोरून आणलेल्या फॉन्टांवर चालणाऱ्या दुकानांनी तरी हे वापरून पाहायला हरकत नाही.

आता शिक्षणाकडे वळू. मुंबईचे सर ज. जी. कलाविद्यालय १८५७ चे. तिथे उपयोजित कलेचा विभाग १९३५ मध्ये निघाला. पवईचे औद्योगिक अभिकल्प केंद्र १९६९ मध्ये स्थापन झाले आणि दृश्यसंप्रेषणाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम तिथे १९८४ मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी पुण्यात शाळकरी मुलांसाठी दूरचित्रवाणीचे कार्यक्रम करणारी 'बालचित्रवाणी' उभी राहिली. ती आज चालू असती, तर या लेखातली दोन पाने तिच्यावर खर्ची घातली असती. पवईच्या केंद्राने देशातल्या अन्य अभिकल्प-संस्थांना बरोबर घेऊन 'डी-सोर्स' नावाचा ज्ञानसंग्रह इंटरनेटवर खुला केला आहे. सुलेखन, रंग, मांडणी यांपासून कारागिरांच्या कामाच्या दस्तऐवजापर्यंत त्यात पुष्कळ साहित्य आहे आणि ते पाहायला मुंबईला जावे लागत नाही. बीडच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा शेवटचा मुद्दा मोलाचा आहे.

आपल्याकडे जे वर्ग चालतात, त्यांत बहुधा आज्ञा शिकविल्या जातात: ही कळ दाबली की कापते, ती दाबली की जोडते. त्या आज्ञा दोन-तीन वर्षांत बदलतात आणि विद्यार्थी पुन्हा कोरा होतो. माझे मत असे, की पहिला महिना संगणक बंद ठेवावा आणि बोरू हातात द्यावा. बोरूची तिरपी छाट हेच देवनागरीच्या जाड-बारीक रेघेचे मूळ आहे. रोमन सुलेखनाच्या टाकाची छाट याच्या उलट बाजूला असते. म्हणून रोमन अक्षर समोर ठेवून जो देवनागरीला जाडी देतो, त्याची जाडी नको तिथे पडते आणि अक्षर परके वाटू लागते. का वाटते, ते सांगता येत नाही. आठ दिवस बोरूने 'अ' गिरविलेल्या मुलाला ते सांगता येते.

दृश्य आणि श्राव्य एकत्र आणताना काय साधते, यावरही भरपूर संशोधन झालेले आहे. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ ॲलन पायव्हिओ यांनी १९७१ च्या आपल्या ग्रंथात, शब्द आणि प्रतिमा यांची नोंद मन दोन निराळ्या वाटांनी घेते, असे प्रतिपादन केले. अमेरिकेत रिचर्ड मेयर यांनी हा धागा पुढे नेला. त्यांच्या प्रयोगांचे सार असे: चित्र आणि त्याचे स्पष्टीकरण एकमेकांजवळ असावे, चित्र हलत असेल तर स्पष्टीकरण कानांनी ऐकू यावे, पण तेच निवेदन जसेच्या तसे पडद्यावर लिहूनही दाखविले, तर समजण्यास अडथळाच होतो, कारण डोळ्यांना एकाच वेळी चित्रही पाहायचे असते आणि मजकूरही वाचायचा असतो. आमच्यापैकी जे प्राध्यापक पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवितात, त्यांनी (मीही त्यांतलीच) हे मनावर घ्यायला हवे.

पण याला आपल्याकडचाच एक अपवाद आहे. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत ब्रिज कोठारी यांनी १९९६ मध्ये एक कल्पना मांडली: दूरदर्शनवर चित्रपटगीत चालू असताना त्याच भाषेत गाण्याच्या ओळी खाली उमटवायच्या, शब्द गायला गेला की त्याचा रंग बदलायचा. १९९९ मध्ये गुजराती 'चित्रगीत' कार्यक्रमात हा प्रयोग सुरू झाला. गाणे पाठ असलेला, पण अडखळत वाचणारा माणूस न कळत वाचू लागतो, असा तो विचार. मेयर यांच्या नियमाने ही पुनरुक्ती झाली. परंतु तिथे गाणे कळावे हा हेतूच नव्हता, अक्षर कळावे हा होता. नियम खरे, पण समोर कोण बसले आहे आणि त्याला काय हवे आहे, हे ठरल्याशिवाय ते लावता येत नाहीत.

समोर कोण बसले आहे, हे ठरवून गेल्या वर्षी आम्ही वर्गात एक पाठ घेतला. आपल्या जिल्ह्यातून दर हंगामात हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुकादमाकडून हंगामाआधी उचल घ्यायची आणि पुढे टनाच्या हिशेबाने ती फेडायची; फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर जाते. हा हिशेब बहुतेकांच्या तोंडी असतो, समोर मांडलेला नसतो. विषय दिला तो असा: एका कोयत्याचा हंगामाचा हिशेब आधी एका मोठ्या कागदावर आणि मग मोबाइलवर पाहता येईल अशा एका मिनिटाच्या चित्रफितीत मांडा. बोलणे मराठीत, पडद्यावर दहापेक्षा जास्त शब्द नकोत.

पहिल्या आठवड्यात जे आले त्यात ऊस होता, सूर्य होता, घामाचे थेंब होते, ट्रॅक्टर तर तीन रंगांत होता. हिशेब कुठेच नव्हता. दुसऱ्या आठवड्यात तक्ते आले, तेही वहीतल्यासारखे: वर काम, खाली मजुरी, शेवटच्या ओळीत उचल वजा. एका मुलीने मात्र क्रम उलटा केला. तिने कागदाच्या डाव्या टोकाला उचलीचा मोठा काळा चौकोन काढला आणि तिथून उजवीकडे, आठवड्यामागून आठवडा, तो लहान लहान होत जाताना दाखविला. वर्गाने विचारले, वजाबाकी आधी कशी? ती म्हणाली, आमच्याकडे पैसे आधीच संपलेले असतात. तिचे आईवडील त्या वेळी साखरपट्ट्यात तोडीवरच होते. कागदाची लांबी पुरेना, म्हणून तिने पाठकोरे कागद डिंकाने जोडून त्याची सात-आठ हातांची पट्टी केली होती. दासोपंतांची पासोडी तिने पाहिलेली नव्हती.

चित्रफीत तयार झाली, ती तिने आईच्या मोबाइलवर पाठविली. रात्री कोपीवरून फोन आला. आवाज कळला, चौकोन लहान होत जातात तेही कळले; पण शेवटी जे 'बाका' म्हणून लिहिले आहे ते काय? आम्ही संगणकावर पाहिले तर शब्द बरोबर होता. मग तसाच लहान पडद्याचा स्वस्तातला मोबाइल मागून आणला आणि पाहिले. ओळीची उंची कमी पडल्याने वेलांटीचे वरचे वळण छाटले गेले होते. खाली नुसता काना उरला होता. ज्या बाईला लावून लावून वाचावे लागते, तिने जे दिसले ते वाचले होते.

ओळीची उंची वाढविली, अक्षराचे माप एका पायरीने उतरविले आणि चित्रफीत पुन्हा पाठविली. दुसऱ्या दिवशी मुलगी उत्तर घेऊन वर्गात आली. आई म्हणाली होती, "आता बाकी दिसती. पन गेल्या सालची कुठं धरली?"